चपला घालूनच आत या

२०२५ साल, मी बहात्तर वर्षांचा. बिबवेवाडीतल्या माझ्या ग्रिलच्या दुकानात एका जिन्याच्या कठड्याचं वेल्डिंग करत होतो. दुपार होती. फोन वाजून थांबला, परत वाजला, तेव्हा तोंडावरची काच वर केली. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरचा फोन. म्हणाली, वानखडेबाई वारल्या. पुसदकडे गावी पुतणीच्या लग्नाला गेल्या होत्या. हळदीच्या मांडवात डोकं धरून बसल्या आणि तिथंच कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला. गाडी मिळेपर्यंत, तिथून मोठ्या दवाखान्याचा रस्ता संपेपर्यंत... मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. दुसरं काय म्हणणार. काच परत खाली घेतली. मग छातीच्या मधोमध कुणीतरी पान्यानं नट आवळावा तसं आवळलं, थेट डाव्या जबड्यापर्यंत. दुखणं ओळखीचं होतं. मी स्वतःला म्हटलं, बातमीनं झालं असेल.

वानखडेबाई म्हणजे आमच्या भागातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीच्या मुख्य डॉक्टर. आता तिथं इमर्जन्सी अशी पाटी आहे, पण रिक्षावाल्याला अजून कॅज्युअल्टीच सांगावं लागतं. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. शिकलेले पुष्कळ लोक त्यांच्याबद्दल लिहितील, म्हणून मी आपणहून पेपरच्या पुरवणीच्या हापिसात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "आजोबा, तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो." माझं शिक्षण चौथी, तेही वार्षिक परीक्षेला न बसता. तरी म्हटलं, मीच लिहिणार. ऱ्हस्वदीर्घ तुम्ही बघा, मजकुराला हात लावू नका.

तर त्या दुपारी दुकानाचं शटर ओढून घरी आलो. आमची इंदू गहू निवडत होती. तिला सांगितलं. तिनं पदर डोळ्याला लावला, आणि मग पदर काढून माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, तुमचा चेहरा असा का झालाय?" म्हटलं, वाईट वाटणार नाही का माणसाला. म्हणाली, "वाईट वाटल्यावर जबडा कुणी चोळत बसत नाही. चला, कॅज्युअल्टीत जाऊ." मी म्हटलं, "कुणाकडे जायचं आता? जिच्याकडे जायचं ती तर नाही." तिनं गव्हाचं ताट बाजूला सारलं. मी भिंतीला टेकून बसलो आणि बाईंना आठवत राहिलो, म्हणजे छातीकडे लक्ष जायला नको.

पहिल्यांदा त्यांना पाहिलं ती कोविड ओसरल्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी चहा प्यायलो आणि असंच आवळायला लागलं. ओव्याचं पाणी घेतलं, सोडा घेतला, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन गॅसची गोळी घेतली. इंदू ऐकेना म्हणून रिक्षानं हॉस्पिटल गाठलं. कॅज्युअल्टीच्या दाराशी ही चपलांची रास. आपली माणसं दवाखाना आला की चपला काढतात. कुणी सांगत नाही, तरी काढतात. आत कुणाचं डोकं फुटलेलं असेल, कुणाचा श्वास अडकला असेल, पण दाराशी थांबून चपला काढणार, आणि जाग्यावर आहेत ना हे वळून बघणार. मीही काढल्या, जोडी नीट लावली. दाराशी एक तरुण डॉक्टर होता, त्यानं विचारलं काय होतंय. म्हटलं, "गॅस झालाय. बायको ऐकत नाही म्हणून आलो." इंदू बोलायला लागली, "अहो, यांना घाम..." मी तिच्याकडे बघितलं, ती गप्प झाली. डॉक्टर म्हणाला, बसा, ईसीजी काढायचा आहे, मशीन आत एका पेशंटला लावलंय.

बसलो बाकावर. आत खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मधल्या जागेत पण ट्रॉल्या. मोटरसायकलवरून पडलेला एक जवान मुलगा आला, त्याला थेट आत घेतलं. मग एक बाई आली, कडेवरच्या पोरीला झटके येत होते, ती आत गेली. मग एका म्हाताऱ्याला खुर्चीत घालून आणलं, तोही आत. सगळे माझ्यानंतर आलेले. मी सिक्युरिटीवाल्याला विचारलं, "इथं नंबर असतो का?" तो म्हणाला, "काका, सिरीयस आधी." म्हटलं, "मग मी काय इथं हवा खायला आलोय?" तो म्हणाला, "काका, गॅसला वेळ लागतो." हे पुण्यातलंच माणूस बोलू शकतं. पण मुद्दा माझा सोडत नाही. मी आधी आलो होतो. नंबर माझा होता, हे मी आजही म्हणतो.

उठलो, इंदूला म्हटलं, चल घरी. दाराशी आलो तर माझी एकच चप्पल जाग्यावर. दुसरी कुठल्यातरी ट्रॉलीच्या चाकाला अडकून ओढली गेली होती. ती शोधायला वाकलो, आणि वर होता येईना. डोळ्यांपुढं काळं. चौकट धरून तसाच वाकलेला राहिलो. घामाचे थेंब फरशीवर पडत होते, ते मोठ्ठे दिसत होते. आतमध्ये वानखडेबाई त्या अपघातवाल्या मुलाच्या डोक्याला बोळा दाबून उभ्या होत्या. तिथून त्यांना दार दिसायचं. त्यांची नजर कायम दारावर असते हे मला पुढं कळलं. बोळा दुसऱ्याच्या हातात देऊन त्या बाहेर आल्या आणि माझ्याजवळ सरळ फरशीवर बसल्या. हातमोजा काढला, माझं मनगट धरलं.

"काका, काय करून राहिले तुम्ही?"

"माझी दुसरी चप्पल शोधतोय."

"केव्हापासून दुखून राहिलं?"

"दुखत नाहीये. मी घरी चाललोय."

"जा ना. मग चौकट कायले धरली?" आणि मान वळवून शांत आवाजात, "ट्रॉली आणा, लवकर."

ट्रॉली म्हटल्यावर मी सांगितलं, मी आडवा होणार नाही. माझ्या वडिलांना बाजेवर आडवं घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मी बाजेच्या मागे चालत होतो, लहान होतो. ते परत आले नाहीत. आमच्याकडे माणूस आपल्या पायानं गेला तर आपल्या पायानं येतो, असं मी ठरवून टाकलंय. एवढं सगळं मी त्या दारात, वाकलेल्या अवस्थेत, दम लागत असताना त्यांना ऐकवलं. मागे बाकावरची माणसं बघत होती. बाईंनी मनगट न सोडता ते ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बरं. बसून येता का?"

"चालत येतो."

"चालत नाही. बसून. थोडं तुमचं, थोडं माझं."

"आणि चप्पल?"

त्यांनी दाराजवळच्या ट्रॉलीखाली हात घातला, चाकातून माझी चप्पल ओढून काढली, काखेत धरली आणि मला चाकाच्या खुर्चीत बसवलं. एवढी मोठी डॉक्टर, पांढरा कोट, काखेत माझी धुळीची चप्पल, दुसरा हात माझ्या मनगटावर, अशा माझ्या शेजारून चालत आत आल्या. त्या चपलेपुढं मला भांडता येईना.

ईसीजीचा कागद मशीनमधून निघत होता तेव्हाच त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "काका, अटॅक आहे." म्हटलं, गॅस आहे. म्हणाल्या, "गॅसची रेघ अशी नसते. हृदयाची नस बंद झाली आहे. वर जिथं ती उघडतात तिथं दुसरा पेशंट टेबलावर आहे, तेवढी वाट पाहायला तुमच्याकडे वेळ नाही. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन इथंच देते. त्यात धोका आहे. न देण्यात जास्त आहे. हो म्हणा." मी इंदूकडे बघितलं. ती आधीच हो म्हणून बसली होती. मी पण मान हलवली... तो क्षण सांगता येत नाही. आजूबाजूला मशिनी वाजत होत्या, पडद्यापलीकडे ती लहान पोर रडत होती, आणि सुईतून ते थंड औषध हातात चढत होतं. बाई खाटेशी उभ्या राहून मशीनकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे. चेहऱ्यावर काही दिसतं का म्हणून. काही दिसेना. मग केव्हातरी छातीतला नट सैल झाला. मी म्हटलं, "बघा, गॅस सरला." त्या पहिल्यांदा हसल्या.

वर आयसीयूत खाट नव्हती, म्हणून मला दिवसभर तिथंच ठेवलं. त्या दिवशी मी कॅज्युअल्टी पाहिली. ज्यांना वर न्यायचं ते वर जागा नाही म्हणून तिथंच, आणि दारातून नवे येतच होते. प्रत्येकाबरोबर नातेवाइकांचा घोळका, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याकडे कुणी बघत नाही. बाई मात्र येता-जाता बाकावरच्यांना सांगत जायच्या, "तुम्हाले विसरली नाही. तुमच्यापेक्षा वाईट एक आत आहे." एवढंच. लोक तेवढ्यावर थांबायचे.

संध्याकाळी तो अपघातवाला मुलगा गेला. माझ्या समोरचीच खाट. पडदा ओढलेला होता तरी कळलं, कारण सगळ्यांची धावपळ एकदम थांबली. बाई पडदा सारून बाहेर आल्या. बाहेर त्याचे नातेवाईक होते, ते आत शिरले. पुढं त्याचा काका, धिप्पाड माणूस, डोळे लाल. तरुण डॉक्टर पडद्याच्या मागे सरकला. नंतर कळलं, मागच्या महिन्यात असाच एका डॉक्टरला इथं मार बसला होता आणि तो नोकरी सोडून गेला होता. सिक्युरिटीवाला दाराशी उभा होता, तो दाराशीच राहिला. काका ओरडला, "सकाळपासून पोरगं इथं पडलंय. वर का नेलं नाही?" मला वाटलं बाई काहीतरी डॉक्टरी बोलतील. त्या म्हणाल्या, "खाट नव्हती दादा. दुसरीकडे पण फोन केले. तिकडेही नव्हती. जे इथं करता येते ते सगळं केलं. डोक्याचा मार फार होता." तो म्हणाला, "खाट नव्हती म्हणून मेला माझा पुतण्या?" आणि हाताला लागला तो सलाईनचा स्टँड त्यानं उचलला.

तो स्टँड माझा होता. माझ्या हातातली सुई ओढली गेली, नळी ताणली. बाई त्याच्यापासून हातभरावर. मागे सरकल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. "दादा, तो खाली ठेवा. त्या काकांची सलाईन आहे त्याले."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. उठता येत नव्हतं, छातीला तारा चिकटवलेल्या. म्हटलं, "मारायचं असेल तर आधी माझी सुई काढून घ्या. मला दुखतंय." कुणी हललं नाही. त्याचा हात वरच होता. स्टँडवरची बाटली हलत होती, तिचा आवाज येत होता. त्याचं मन कुठं झुकेल ते त्यालाही माहीत नसावं... मग त्यानं तो स्टँड हळू खाली टेकवला, अगदी माझ्या खाटेला लावून, आणि फरशीवर बसून लहान पोरासारखा रडला. बाई त्याच्या शेजारी बसल्या. सकाळी माझ्याजवळ बसल्या होत्या तशाच. बराच वेळ. मग माझी सुई नीट करायला आल्या तेव्हा त्यांना दोनदा नस सापडली नाही, मग सिस्टरनं सुई त्यांच्याकडून काढून घेतली. इंदूला म्हणाल्या, "पाणी आहे का?" आणि आमच्या बाटलीला तोंड लावून प्यायल्या.

बरा झाल्यावर मी परत गेलो. आभार मानायला नाही. त्या ट्रॉलीनं माझ्या चपलेचा पट्टा तुटला होता, तो दाखवायला. बाई म्हणाल्या, "अजून भांडून राहिले?" मग मी काय काम करतो ते विचारलं आणि म्हणाल्या, चपलांचा रॅक करून द्या. म्हटलं, कुणी ठेवणार नाही. जिवाच्या घोरात माणूस रॅक शोधतो का? म्हणाल्या, "ठेवते लोक. पण कमरेइतका उंच करा, भिंतीला." मी म्हटलं, कमरेइतक्या उंचीवर चपला? चपलेची जागा खाली असते, हे तुमच्या विदर्भात शिकवत नाहीत का? त्या म्हणाल्या, "खाली असली तर वाकावं लागते. वाकल्यावर काय होते ते तुम्ही दाखवलं ना." यावर आमची चांगलीच जुंपली. शेवटी मी केला. भिंतीत ठोकला, खालून चाकं मोकळी जातील असा. त्याच्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात पाटी लावली: चपला घालूनच आत या. लोक ती पाटी वाचायचे आणि तिच्याच खाली चपला काढून रॅकवर ठेवायचे. बाई कपाळाला हात लावायच्या. मी म्हणायचो, पुण्यात पाटी वाचण्यासाठी असते, पाळण्यासाठी नाही.

मग मला सवयच लागली. सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर मी त्या बाकावर जाऊन बसायचो. कुणी नंबरावरून तापला की त्याला सांगायचो, थांबा, आत तुमच्यापेक्षा वाईट कुणीतरी आहे. ते मला स्वतःला पटलेलं नाही, पण सांगायचो. बाई म्हणायच्या, "तुमचं ऐकते लोक, काका. आमचं नाही ऐकत." मी म्हणायचो, कारण मी डॉक्टर दिसत नाही. कधी कामातून सवड मिळाली तर माझ्या शेजारी टेकायच्या. नवे डॉक्टर टिकत नाहीत म्हणायच्या. वरची खाट रिकामी होत नाही, आणि माणसं छातीत दुखलं की आधी सोडा पितात, मग दवाखान्यात येतात, असं माझ्याकडे बघून म्हणायच्या. त्यांची आई गावी एकटी होती, तिला इकडं यायचं नव्हतं. "तिकडे कुणाले काही झालं तर कुठं नेतील?" असं एकदा म्हणाल्या होत्या. मग आतून कुणीतरी हाक मारली आणि उठून गेल्या.

शेवटची भेट त्याच बाकावर. दुसऱ्या दिवशी गावाला निघायच्या होत्या, लग्नाच्या गडबडीत खुश होत्या. जाता जाता बोट दाखवून म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी दुखलं तर चालत यायचं नाही. बसूनही नाही. आडवे या. आणि चपला घालून." मी म्हटलं, पुढची वेळ येणारच नाही. "आली तर. मी रजेवर असली तरी." मी म्हटलं, "तुम्ही रजेवर असताना मी आजारी पडत नसतो." त्यावर हसत आत गेल्या.

त्या दुपारी भिंतीला टेकून मला हेच सगळं आठवत होतं. संध्याकाळी जबडा थोडा थांबला, परत लागला. इंदू समोर बसून होती. दोनदा म्हणाली, आता तरी चला. मी म्हटलं, शोक झालाय, शोकावर इंजेक्शन नसतं. तिनं स्वयंपाक केला नाही. मी मागितला नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, फक्त माझ्या हाताकडे बघत होती, तो कुठं जातो ते. मी हात मांडीखाली घालून बसलो. रात्र कशी काढली ते लिहीत नाही. एवढं खरं की मला मरायची भीती वाटत नव्हती. आत जाऊन दुसऱ्या कुठल्यातरी डॉक्टरसमोर पडायचं, आणि त्यानं आपल्याला एक म्हातारा म्हणून बघायचं, याची लाज वाटत होती. आणि ते दार बाईंशिवाय बघवणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी इंदूला म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलाव. तिनं काही न विचारता फोन उचलला. मग मी चपला घातल्या, आणि घरात, पलंगावर, चपला घालून आडवा झालो. ॲम्ब्युलन्सवाले आले, त्यांनी मला स्ट्रेचरवर घेतलं आणि जिन्यानं उतरवलं. शेजारी दारात आले होते, मी कुणाकडे बघितलं नाही. जिन्याचे कठडे माझ्याच दुकानातले आहेत, ते मी पहिल्यांदा खालून बघितले. एका ठिकाणी रंग राहिलाय. हॉस्पिटलच्या दाराशी एक नवी डॉक्टर धावत आली, तिनं विचारलं, "बाबा, काय होतंय?" मी म्हटलं, "छातीत दुखतंय. कालपासून. गॅस नाहीये." तिनं मनगट धरलं आणि चालता चालताच मशीन आणायला सांगितलं. बाकावर लोक बसले होते, पुष्कळ वेळ बसलेले असावेत. त्यातला एक म्हातारा उठून सिक्युरिटीवाल्याला म्हणाला, "अहो, आम्ही आधी आलोय." त्याचं बरोबर होतं. माझ्या छातीला पट्टा बांधलेला, उठून मागे वळता आलं नाही, नाहीतर त्याला तसं सांगितलं असतं. रॅक माझ्या डोक्याशेजारून मागे गेला, भरलेला होता. मी पायाची बोटं हलवून बघितली. चपला पायातच होत्या.